आधी आसरा मोडावा, मग औषध शोधावे
घरातील व परसबागेतील किडींचा बंदोबस्त : एका भाषणाचा मजकूर



पांढुर्णा आणि सौंसरचा हा प्रदेश संत्र्यासाठी आणि कापसासाठी सर्वदूर ओळखला जातो. राज्य मध्यप्रदेशाचे, घरातील बोली मराठीची आणि मालाची बाजारपेठ बहुधा नागपूरची, अशी येथील जीवनाची घडण आहे. २०२३ मध्ये या दोन्ही तहसिली छिंदवाडा जिल्ह्यातून निघून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा नवा झाला तरी गावाची ठेवण जुनीच आहे. येथे शेत आणि घर यांत फारसे अंतर नाही. शेतातील तूर आणि गहू घरातील कोठीत येतात, कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटी सरपण म्हणून भिंतीला टेकते आणि परसात संत्र्याचे, कागदी लिंबाचे किंवा कढीलिंबाचे झाड उभे असते. या सर्वांबरोबर किडीही शेतातून घरात आणि घरातून शेतात ये-जा करीत असतात. आणि किडीच्या मागोमाग शेतासाठी आणलेली विषाची बाटलीही घरात येते. या शेवटच्या गोष्टीमुळेच हा किरकोळ वाटणारा विषय गंभीर झाला आहे.

घरात किडे दिसले की पहिला प्रश्न विचारला जातो तो असा की, यावर औषध कोणते? वास्तविक पहिला प्रश्न निराळा असावयास हवा. ही कीड येथे कशासाठी आली आणि कोठे राहते, हे आधी पाहिले पाहिजे. कोणत्याही किडीला तीन गोष्टी लागतात : अन्न, ओल आणि आसरा. या तिन्हींपैकी एक जरी तोडली तरी तिची वाढ खुंटते. तिन्ही कायम ठेवून केवळ औषध मारीत राहिले तर काही दिवस कीड कमी झाल्यासारखी वाटते आणि पुन्हा पूर्वीप्रमाणेच होते.

याचा मोठा धडा देशाने मलेरियाच्या बाबतीत घेतलेला आहे. १९५३ मध्ये राष्ट्रीय मलेरिया नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि घरोघरच्या भिंतींवर डी.डी.टी. फवारण्यात आले. १९६५ च्या सुमारास वर्षाला नोंदल्या जाणाऱ्या रुग्णांची संख्या एक लाखाच्या आसपास खाली आली. आता रोग गेलाच, असे वाटू लागले. परंतु डासांच्या अंगी औषध पचविण्याची शक्ती आली, साचलेली पाण्याची डबकी तशीच राहिली, दक्षता सैल झाली आणि १९७६ मध्ये हीच संख्या ६४ लाखांवर गेली. विषाला कीड सरावते; आसरा मोडण्याला मात्र ती सरावू शकत नाही.

धान्याची कोठी

गृहिणीचा सर्वांत मोठा शत्रू धान्यातील कीड होय. सोंडे किड्याची मादी गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्याला आपल्या सोंडेने बारीक भोक पाडते, त्यात अंडे घालते आणि भोक बुजवून टाकते. अळी दाण्याच्या आतच वाढते. दाणा बाहेरून धडधाकट दिसत असतो. उबदार दिवसांत साधारण महिन्याभराने त्यातून किडा बाहेर पडतो, तेव्हा आत टरफलाखेरीज फारसे काही उरलेले नसते. म्हणून कोठीत किडे दिसू लागणे ही नुकसानीची सुरुवात नसते. नुकसान त्यापूर्वीच झालेले असते. तूर, मूग, हरभरा यांवरील भुंगेरा आपली पांढरी अंडी दाण्याच्या सालीवर चिकटवितो आणि पुष्कळदा ही लागण शेतातील शेंगेपासूनच सुरू होते.

यावर खरा उपाय उन्हाळ्यातील कडक ऊन हाच आहे. धान्यातील ओलावा शेकडा १० च्या खाली गेला तर बहुतेक किडींना त्यात वाढता येत नाही. दाणा दाताखाली धरला असता कट्कन फुटला पाहिजे. दबला तर धान्य अजून ओले आहे असे समजावे. मात्र वाळविलेले धान्य तापलेले असतानाच कोठीत भरू नये. बंद कोठीत ते घाम धरते आणि ओल पुन्हा तयार होते. रात्रभर निवू द्यावे आणि सकाळी भरावे. कोठी आधी पूर्ण रिकामी करून झाडावी, भेगा लिंपून घ्याव्यात, जुने धान्य नव्यात मिसळू नये. जुनी पोती उकळत्या पाण्यातून काढून उन्हात वाळवावीत. पोती जमिनीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर आणि भिंतीपासून हातभर दूर रचावीत. कोठीचे झाकण हवाबंद बसेल असे करावे. आत राहिलेले थोडे किडे असलेला प्राणवायू संपवितात आणि गुदमरून मरतात. कडधान्याची डाळ करून ठेवली तर भुंगेऱ्याचा उपद्रव पुष्कळ कमी होतो. सबंध ठेवावयाच्या तुरीला किलोला एक लहान चमचा या प्रमाणात खाद्यतेल चोळावे. एरंडेल चोळण्याची जुनी रीतही चांगलीच आहे.

येथे एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे. धान्यात ठेवण्यासाठी मिळणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्या राहत्या घरात कधीही आणू नयेत. हवेतील ओलावा लागताच या गोळीतून फॉस्फीन नावाचा विषारी वायू निघतो. तो फटींतून शेजारच्या खोलीत, झोपलेल्या मुलांपर्यंत जातो आणि त्यावर कोणताही उतारा नाही. या गोळ्यांचा वापर शासकीय यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रक यांच्यापुरता मर्यादित आहे, तो याच कारणासाठी. चार पायल्या तुरी वाचविण्यासाठी घरादाराचा जीव धोक्यात घालणे कोणत्याही हिशोबात बसत नाही.

पऱ्हाटीचा ढीग आणि उंदीर

उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात, म्हणून तो कुरतडल्यावाचून राहू शकत नाही. जेथे साधी पेन्सिल आत जाते तेवढ्या छिद्रातून लहान उंदीर घरात शिरतो. मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिल्ले होतात आणि ती पिल्ले दोन-तीन महिन्यांत वयात येतात. एका जोडीचे कुटुंब वर्षभरात केवढे होते, याचा अंदाज यावरून यावा.

उंदरांचा मोठा आसरा म्हणजे घराच्या भिंतीला लागून रचलेला पऱ्हाटीचा ढीग होय. त्यात उंदीर राहतात, उंदरांमागे साप येतो आणि विंचूही तेथेच थारा धरतो. एवढेच नव्हे, तर त्या पऱ्हाटीवर राहिलेल्या किडक्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत उन्हाळा काढते आणि पुढच्या हंगामात पुन्हा कपाशीवर जाते. शेतकऱ्याचा शत्रू त्याच्याच अंगणात मुक्कामाला असतो. तेव्हा पऱ्हाटी शेतातच बारीक करून खतात घालावी, हे सर्वांत उत्तम. सरपणासाठी ठेवणे भागच असेल तर बोंडे झाडून जाळावीत आणि ढीग घरापासून दूर, जमिनीपासून थोडा उंच रचून पावसाळ्यापूर्वी संपवावा.

घरातील बिळे काचेचे तुकडे आणि सिमेंट घालून बुजवावीत, दाराच्या खालच्या कडेला पत्र्याची पट्टी मारावी, रात्री उष्टे-खरकटे उघडे ठेवू नये आणि पिंजरे भिंतीच्या कडेने लावावेत. मेलेला उंदीर उघड्या हाताने उचलू नये. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे काम सबंध आळीने एकाच आठवड्यात करावे. एका घराने बंदोबस्त केला आणि शेजारच्याने केला नाही तर उंदीर केवळ बिऱ्हाड बदलतात.

वाळवी, डास आणि स्वयंपाकघर

मातीच्या भिंती, लाकडी खांब आणि कवेलूचे छप्पर असलेल्या घरांत वाळवीचा त्रास अधिक असतो. वाळवीचे मूळ घर जमिनीत असते. ती उजेडात येत नाही. मातीच्या नळ्या बांधून त्यांतून वर चढते. या नळ्या नियमितपणे खरवडून काढल्या, खांबाखाली दगडी बैठक दिली, भिंतीतील ओल बंद केली आणि लाकूड जमिनीला टेकू दिले नाही तर तिची वाट तुटते. शाळेतील दप्तराची कपाटे भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवण्याने पुष्कळ जुनी रजिस्टरे वाचतील. वाळवी फारच पसरली असेल तर मातीत औषध सोडण्याचे काम जाणकार परवानाधारकाकडूनच करवून घ्यावे. विहीर जवळ असल्यास विशेष दक्षता घ्यावी.

डासांच्या बाबतीत या भागातील एक खास आसरा म्हणजे कूलर. उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक घरात तो चालतो आणि पाऊस पडताच तळाशी पाणी घेऊन कोपऱ्यात उभा राहतो. डेंग्यू पसरविणारा डास अशाच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो आणि दिवसा चावतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, हौद आणि रांजण रिकामे करून कोरडे करण्यास सांगितले जाते. केवळ पाणी ओतून देणे पुरेसे नाही. या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात आणि कोरड्या स्थितीतही महिनोन्‌महिने जिवंत राहतात. कूलरची टाकी आणि रांजणाची कड घासूनच काढली पाहिजे. कूलरमधील जुने गवत काढून जाळावे.

झुरळे, मुंग्या आणि ढेकूण यांच्यासाठी फार सांगण्याची गरज नाही. मोरीची जाळी, रात्री कोरडी ठेवलेली ओट्याची जागा आणि बुजविलेल्या फटी हा झुरळांवरील अर्धा उपाय आहे. बोरिक पावडर, साखर आणि कणीक यांच्या गोळ्या उरलेले काम करतात; मात्र त्या मुलांच्या हाती लागणार नाहीत अशा ठिकाणी ठेवाव्यात. ढेकणांसाठी बाजेच्या सांध्यांत उकळते पाणी ओतावे, गाद्या-गोधड्या कडक उन्हात वरचेवर उलटाव्यात आणि हे काही आठवडे चालू ठेवावे.

संत्र्याची कोळशी आणि परसातील मित्र

परसातील एखाद्या संत्र्याच्या झाडाकडे दुर्लक्ष होते आणि तेच झाड शेतातील बागेला कीड पुरविते. या भागात कोळशी कोणाला ठाऊक नाही असा बागाईतदार नाही. झाडावर काजळी फासल्यासारखी पाने काळी पडतात. पुष्कळांना हा मूळ रोग वाटतो. तसे ते नाही. काळी माशी या किडीची पिल्ले पानाच्या खालच्या बाजूस बसून रस शोषतात आणि चिकट गोड द्राव बाहेर टाकतात. त्या द्रावावर काळी बुरशी वाढते. पान झाकले जाते, त्याला सूर्यप्रकाशात अन्न तयार करता येत नाही, बहर रोडावतो आणि फळे बेचव होतात. म्हणून वरून काळे पान पाहून बुरशीचे औषध मारण्यात अर्थ नाही. पान उलटून पाहिले पाहिजे.

काळ्या माशीच्या वर्षातून साधारण तीन पिढ्या होतात आणि त्या झाडाच्या तीन नव्या पालवींशी, म्हणजेच आंबिया, मृग आणि हस्त या बहरांशी जुळलेल्या असतात. अंड्यांतून पिल्ले बाहेर पडत असतानाची वेळ गाठली तर थोडक्या उपायाने काम होते. एकदा पिल्ले कवचाखाली गेली की कितीही फवारले तरी फारसा उपयोग होत नाही. फवारा पानाच्या खालून गेला पाहिजे, हेही तितकेच महत्त्वाचे. झाडांची दाटी विरळ करावी, पाणसोट छाटावेत आणि नत्रखताचा अतिरेक टाळावा.

या किडीचे शत्रूही येथेच आहेत. ढालकिडा, क्रायसोपा आणि डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्या परोपजीवी गांधीलमाश्या काळ्या माशीवर जगतात. त्यांची थोरवी परदेशाने ओळखली. आशियातून गेलेल्या काळ्या माशीने गेल्या शतकात मेक्सिकोतील संत्र्याच्या बागा काळ्या केल्या, तेव्हा १९४९-५० च्या सुमारास भारत आणि पाकिस्तानातून याच गांधीलमाश्या नेऊन तेथे सोडण्यात आल्या आणि कीड आटोक्यात आली. जे मित्र दुसऱ्यांनी समुद्रापलीकडे मागून नेले, ते येथे अवेळी केलेल्या जहाल फवारणीने मारले जातात, ही खेदाची गोष्ट होय. मित्रकीटक मेल्यावर कीड अधिक जोमाने उसळते आणि पुन्हा औषध आणावे लागते.

लिंबाच्या आणि कढीलिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी, पुढे हिरवी होणारी अळी फुलपाखराची असते. डिवचल्यास ती डोक्यामागून तांबूस शिंगे बाहेर काढते व उग्र वास सोडते. घरच्या दोन झाडांवरील अशा अळ्या हाताने वेचणे दहा मिनिटांचे काम आहे. ज्या झाडाची पाने रोज फोडणीत पडतात त्याला विष लावण्याचे कारणच नाही. खोडावर जाळी आणि भुशासारखी विष्ठा दिसल्यास साल खाणारी अळी आहे असे समजावे. जाळी काढून छिद्रात तार घालावी, रॉकेलचा बोळा खोचावा आणि वर चिखल लिंपावा.

आंबियाची फळे पिकू लागली की रात्री येणारा पतंग फळाला सोंड टोचून रस शोषतो. टोचलेली जागा मऊ पडते आणि फळ गळते. या पतंगाची अळी मात्र संत्र्यावर वाढत नाही. ती गुळवेल आणि वासनवेल यांवर वाढते. गुळवेल औषधी म्हणून घरोघर लावली जाते आणि ते योग्यही आहे. परंतु ऐन बागेच्या कुंपणावर ती असू नये. गळालेली फळे झाडाखाली सडू न देता रोज गोळा करून खोल पुरावीत आणि फळे पिकण्याच्या दिवसांत तिन्हीसांजेला बागेत धूर करावा. कारली, दोडके, काकडी यांच्या मांडवातही हाच नियम आहे : किडकी फळे उकिरड्यावर टाकली तर फळमाशी तेथूनच परत येते.

मावा, पिठ्या ढेकूण आणि कोवळ्या अळ्यांसाठी निंबोळीचा अर्क घरीच करता येतो. पिकलेल्या निंबोळ्या वेचून, गर धुऊन, बिया सावलीत वाळवाव्यात. त्यांतील अर्धा किलो मगज कुटून रात्रभर पाण्यात भिजवावा, सकाळी फडक्याने गाळावा, थोडा साबण मिसळून एकंदर १० लिटर पाणी करावे आणि संध्याकाळी फवारावे, कारण कडक उन्हात त्याचा गुण लवकर जातो. या अर्काने कीड तत्काळ मरून पडत नाही. तिचे खाणे आणि वाढ थांबते. म्हणून एका दिवसात निराश होऊ नये.

विषाची बाटली

शेतासाठी आणलेले कीटकनाशक ढेकणांवर, डोक्यातील उवांवर किंवा स्वयंपाकघरातील मुंग्यांवर वापरले जाते, असे प्रकार घडतात. रोगापेक्षा इलाज भयंकर म्हणतात तो हाच. १९५८ मध्ये केरळात कीटकनाशकाच्या संसर्गाने विषारी झालेले गव्हाचे पीठ खाऊन शंभराहून अधिक माणसे दगावली. त्या दुर्घटनेनंतर झालेल्या विचारविनिमयातून १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. तरीही १६ जुलै २०१३ रोजी बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतील मध्यान्ह भोजन घेतल्यावर २३ मुले मृत्युमुखी पडली. तपासणीत स्वयंपाकाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस आढळले. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर प्राणास मुकले. एका ठिकाणी विष स्वयंपाकघरात शिरले, दुसऱ्या ठिकाणी उघड्या अंगावर आले. दोन्ही ठिकाणी गेलेले जीव आपल्यासारख्याच घरांतील होते.

पूर्वी प्रत्येक घरात गॅमेक्सीनची पूड शिंपडली जात असे आणि त्या काळी तो उपाय मान्य होता. आज बी.एच.सी.वर १९९७ पासून बंदी आहे आणि डी.डी.टी. १९८९ पासून शेतीस वर्ज्य आहे. माळ्यावर असा जुना डबा असल्यास तो वापरू नये, नाल्यात ओतू नये. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यास कळवावे.

औषधाच्या डब्यावरील चौकोनी चिन्ह अक्षर न येणाऱ्यालाही वाचता येते. त्याचा खालचा त्रिकोण तांबडा असेल तर विष सर्वांत जहाल, त्याखालोखाल पिवळा, निळा आणि हिरवा. हिरवा म्हणजे निरुपद्रवी नव्हे, एवढेच ध्यानात ठेवावे. औषध मूळ डब्यातच, कुलपात, धान्यापासून दूर ठेवावे. पाण्याच्या किंवा शीतपेयाच्या बाटलीत ते कधीही ओतू नये. रिकामा डबा धुऊन तेला-तिखटाला वापरू नये. तो फोडून वस्ती आणि पाणवठा यांपासून दूर पुरावा. विषबाधेची शंका येताच माणसास मोकळ्या हवेत आणावे, कपडे काढून अंग साबणाने धुवावे, बेशुद्ध व्यक्तीस ओकारी काढावयास लावू नये आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन तडक रुग्णालय गाठावे. झाडफुकीत घालविलेला एक तास परत मिळत नाही.

या कामात शाळांचा वाटा मोठा आहे. आठवड्याचा एक दिवस कोरडा दिवस म्हणून पाळणे, मध्यान्ह भोजनाच्या कोठारात कोणतेही कीटकनाशक न ठेवणे, मुलांना पान उलटून ढालकिडा ओळखावयास शिकविणे, ही कामे कोणत्याही खर्चाशिवाय होण्यासारखी आहेत. मुलाने शाळेत पाहिलेला ढालकिडा घरच्या बागेत वाचतो. ग्रामपंचायतींनी पावसाळ्यापूर्वीचा एक आठवडा बिळे, ढीग आणि डबकी यांसाठी राखून ठेवावा आणि तो सबंध गावाने पाळावा.

कीड समूळ नष्ट करणे कोणालाही साधलेले नाही आणि साधणारही नाही. तिला घरात ठाव मिळू न देणे मात्र प्रत्येक कुटुंबाच्या हाती आहे. त्यासाठी कडक ऊन, झाडू, मातीचा गिलावा, निंबोळी आणि थोडी नजर एवढे साहित्य पुरे आहे. येत्या पावसापूर्वी प्रत्येक घराने दोन गोष्टी कराव्यात : भिंतीला लागलेली पऱ्हाटी दूर हलवावी आणि विषाची बाटली धान्याच्या खोलीतून बाहेर काढून कुलपात ठेवावी. बाकीचे काम त्यानंतर सोपे होईल.